खानावळीची चूल विझली तेव्हा : प्लेगच्या मुंबईतील परगावचा माणूस

मुंबईच्या प्लेगचा इतिहास आपण बहुधा तीन नावांभोवती वाचतो : रँड, चापेकर आणि हाफकिन. आजच्या धाग्यात ही तिन्ही नावे येतील; परंतु धागा त्यांचा नाही. तो एका साध्या प्रश्नाचा आहे. घरदार सोडून पोटासाठी दूरच्या शहरात राहिलेल्या माणसाला साथीच्या दिवसांत जेवू कोण घालते?

सानगडी-साकोलीच्या पट्ट्यातील वाचकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. धान निघाले की नागपूर, पुणे, हैदराबाद अशी वाट धरणारी माणसे प्रत्येक गावात आहेत आणि २०२० च्या उन्हाळ्यात त्यांतील कित्येकांनी काय सोसले, हे तुमच्यापैकी अनेकांनी घरातच ऐकले असेल. (सानगडीच्या किल्ल्याविषयी पुन्हा कधी तरी, आज किल्ल्यातून नव्हे, खानावळीतून इतिहास पाहायचा आहे.) तेव्हा सव्वाशे वर्षे मागे, १८९६ च्या मुंबईत जाऊ.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली. त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा मुंबईत जन्मलेला होता. बाकी सारे बाहेरचे : रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्या-नगरकडचे, कच्छ-काठेवाडचे, गोव्याचे, उत्तर हिंदुस्थानातील विणकर. म्हणजे आपण ज्याला ‘मुंबईकर’ म्हणतो तो मुळात परगावचा माणूस. त्याची बायकोमुले गावी, शेताचा तुकडा गावी, देव गावी. शहरात त्याच्या वाट्याला चाळीतील एका खोलीचा कोपरा, पाळीपाळीने वापरलेली वळकटी आणि खानावळीतील ताट.

या खानावळीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढचे बरेचसे तिच्यामुळे कळते. खानावळ म्हणजे उपाहारगृह नव्हे. चाळीच्या खोलीत एखादी बाई, पुष्कळदा विधवा किंवा गिरणी कामगाराची बायको, दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. जेवणारे बहुधा एकाच भागातले आणि एकाच जातीचे असत. घाटावरच्या माणसाला जोंधळ्याची भाकरी हवी, कोकणातल्याला भात आणि सुकट. एकाच्या ताटात दुसऱ्याचे मन रमत नसे. मुंबईत राहूनही माणूस दिवसातून दोनदा गावी जाऊन येई, तो या ताटातून.

आणि हे ताट उधारीवर चाले. गिरणीचा पगार महिन्याचा; तोही लगेच हाती पडत नसे, पुढचा महिना बराच सरल्यावर मिळे. तोवर खानावळवाली उधार जेवू घाली, तिला वाणी उधार धान्य देई आणि वाण्याला मांडवीचा घाऊक व्यापारी. गिरणीतला माणूस आणि मांडवीची वखार यांच्यामध्ये अशी विश्वासाची साखळी होती. तिची एक कडी तुटली की सारी साखळी निखळणार, हे उघड आहे.

ती नेमकी मांडवीतच तुटली.

बंदराला लागून असलेली मांडवी म्हणजे मुंबईचे धान्याचे कोठार. पोत्यांच्या थप्प्या, दाट वस्ती, तुंबलेली गटारे आणि असंख्य उंदीर. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी याच भागातील एका रुग्णाला तपासून गाठीच्या प्लेगचे निदान केले. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. मुंबईतील पहिला प्लेग ओळखणारा माणूसही परगावचाच. त्या काळी उंदीर आणि प्लेग यांचे नाते कोणाला नीट उमगलेले नव्हते. उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९६ मध्ये महापालिकेचा विश्वास होता तो घाण आणि दूषित हवा यांच्यावर. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांचे लोट सोडले गेले, घरांची छपरे फोडून ऊन आत घेतले गेले, बिछाने जाळले गेले. बिळांतून हुसकावलेले उंदीर शेजारच्या वस्तीत गेले नसते तरच नवल. ज्या धान्यावर शहर जगत होते त्याच धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा गावोगाव प्रवास करीत होत्या, हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

मांडवीतील व्यापारी कुटुंबे लवकर बाहेर पडली. त्यांना जायला जागा होती आणि हातात पैसा होता. ती गेली, वखारी बंद झाल्या, दुकानांवर फळ्या पडल्या, आणि उधारीची साखळी वरून खाली निखळत आली. वाण्याने वही मिटली. खानावळवाली रोख मागू लागली, किंवा स्वतःच गावी निघाली. गिरणीत जाणाऱ्या माणसाला साथीची पहिली झळ अनेकदा ताटातून बसली असावी, असे मला वाटते. गाठ यायची तेव्हा येईल. भाकरी मात्र आजच बंद झाली होती.

यानंतर जे झाले त्याला त्या वेळच्या सरकारी कागदांत ‘घबराट’ म्हटले आहे. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन ते चार लाख माणसे मुंबई सोडून गेली, असा अंदाज सांगितला जातो. जवळजवळ अर्धे शहर. आगबोटी भरभरून कोकणाकडे निघाल्या, रेल्वेच्या डब्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्यांना तिकीट परवडले नाही ते चालत गेले. मृत्यूचे भय होतेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याचे घर, चूल आणि शुश्रूषा करणारी माणसे सगळी गावी आहेत त्याने आजाराच्या काळात गावी जाणे, याला घबराट म्हणायचे की हिशेब? मला तो हिशेब वाटतो. शहरात आजारी पडलो तर पाणी पाजायला कोणी नाही, एवढे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. या हिशेबाची किंमत मात्र गावांनी मोजली. जाणाऱ्यांबरोबर प्लेगही गेला आणि पुढील काही वर्षांत पुणे, सातारा, नाशिक, नागपूर असा पसरत राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्रच सांगायला हव्यात.

शिवाय गावी तरी काय वाट पाहत होते? १८९६-९७ हे दुष्काळाचे वर्ष. दख्खनच्या पठारावर पाऊस दगा देऊन गेला होता आणि आपला भाग ज्यात मोडत होता त्या मध्य प्रांताची अवस्था तर अधिकच भीषण होती. धानाच्या मुलखात शेवटच्या पावसाने पाठ फिरवली की काय होते, हे भंडाऱ्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. तलाव आटला की बांधीतले पीक उभ्या उभ्या वाळते. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. घाटावरच्या कामगारापुढे म्हणूनच दोन वाटा होत्या : शहरात प्लेग, गावात उपासमार. कोकणातल्याला निदान भाताची पेज आणि समुद्राची मासळी तरी होती. कोण गेले, कोण थांबले, कोण जाऊन महिन्याभरात परतले, याचा उलगडा करताना त्या त्या गावचे धान्याचे कोठार पाहिल्याशिवाय भागत नाही.

जे थांबले त्यांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. एरवी फाटकापाशी ताटकळणाऱ्या कामगाराला आता मालकांचे मुकादम रस्त्याच्या नाक्यावर गाठून जास्त मजुरी देऊ लागले. मजुरांचा जणू लिलावच होत होता. आणि कामगारांनी एक मागणी लावून धरली : पगार रोजच्या रोज हवा. मालकांना ती माननाइलाज म्हणून मान्य करावी लागली. कामगार इतिहासाचे अभ्यासक या प्रसंगाकडे कामगारांच्या वाढलेल्या सौदाशक्तीचा पुरावा म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण उधारीची ती साखळी आठवा. वाणी रोख मागतो आहे, खानावळ बंद आहे; अशा वेळी महिन्याच्या पगाराने आज संध्याकाळचे जेवण कसे विकत घेणार? रोजच्या पगाराची मागणी ही रोजच्या भाकरीची मागणी होती, असे माझे वाचन आहे.

आता रुग्णालयाकडे वळू. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेने जाहीर केले की प्लेगच्या रुग्णाला, गरज पडल्यास सक्तीने, रुग्णालयात हलवले जाईल. त्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढवला. अफवांना ऊत आला होता. रुग्णालयात माणसे मारतात, उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात, असे लोक एकमेकांना सांगत. पुष्कळ लेखक इथे ‘अडाणी जनता’ असे म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. त्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. आपला शेजारी डोलीत घालून नेला. तिथे त्याला पाणी कोण देते, कोणत्या जातीचा आचारी अन्न शिजवतो, आपल्याला भेटू देतील की नाही, काहीच ठाऊक नाही. बहुतेक रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत नेले जात, त्यामुळे गेलेला माणूस परत येत नसे. अशा बंद दारामागे काय चालते याची कल्पना करताना लोकांनी मोमियाई उभी केली.

सरकारच्या ध्यानात ही गोष्ट हळूहळू आली. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देणे, घरचे अन्न आत जाऊ देणे आणि मुख्य म्हणजे समाजासमाजांना आपापली रुग्णालये उघडू देणे, अशा सवलती मिळाल्या. पारशी, जैन, भाटिया, मेमन, मराठा अशा निरनिराळ्या समाजांची तात्पुरती रुग्णालये शहरात उभी राहिली. औषध सगळीकडे सारखेच, म्हणजे फारसे काहीच नाही. वेगळे होते ते स्वयंपाकघर. पुण्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग रुग्णालय काढले, त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट होती.

ही तडजोड व्यवहार्य होती, पण तिच्या पोटातील अन्याय झाकून ठेवता येत नाही. ज्या समाजात शेठ होते त्यांचे रुग्णालय झाले. ज्यांच्या हातचे पाणीही चालत नसे, ज्यांच्यासाठी वर्गणी गोळा करणारा कोणी धनिक नव्हता, त्यांना सार्वजनिक रुग्णालयाखेरीज गती नव्हती. जातीच्या चुलीने काहींना धीर दिला आणि काहींना दाराबाहेर ठेवले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर जो दवाखाना चालवला त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून आणले. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्याआधी महिनाभर, ९ फेब्रुवारीला, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांची सेवा करताना मृत्यू पावले होते. एकाच महिन्यात सत्यशोधक चळवळीची दोन माणसे.

४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातील रँडची कारकीर्द, २२ जूनचा गोळीबार, हे तुम्ही वाचलेले आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. एवढेच सांगतो : पुण्यातील तक्रारींत गोरे शिपाई देवघरात शिरले याइतकाच संताप ते स्वयंपाकघरात बुटांनिशी शिरले याचाही होता. चूल विटाळणे म्हणजे त्या घराचे त्या दिवसाचे अन्न संपणे.

मुंबईतील परगावच्यांत गोव्याची माणसे वेगळ्या रीतीने राहत. आचारी, खानसामे, बोटीवरचे खलाशी असलेल्या या लोकांचे धोबीतलावाच्या आसपास गावनिहाय क्लब होते. त्यांना ‘कूड’ म्हणत. एका गावचे लोक एका कुडीत. स्वस्तात झोपायला जागा, सामान ठेवायला पेटी, गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. दिवसभर साहेबाच्या बंगल्यात परक्या चवीचे पदार्थ रांधणारा माणूस इथे येऊन गावच्या माणसांत बसे. प्लेगच्या काळात गिरगाव, वांद्रे या भागांतील ख्रिस्ती वस्त्यांनी रक्षणासाठी चौकाचौकांत क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही उभे आहेत. कधी खोताच्या वाडीत गेलात तर त्याकडे जरा निरखून पाहा.

आणि याच शहरात आणखी एक परदेशस्थ होता. वाल्देमार हाफकिन, ओदेसात जन्मलेला ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून हिंदुस्थानात आलेला. १८९६ च्या ऑक्टोबरात तो मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्याने प्लेगची लस तयार करायला घेतली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे सर्वज्ञात आहे. फारसे सांगितले जात नाही ते असे की त्याची प्रयोगशाळाही एका अर्थाने स्वयंपाकघरच होती. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस सहज वापरत. हाफकिनने इथे बकऱ्याचे मांस घेतले, म्हणजे गाय आणि डुक्कर दोन्ही टळले. त्या रश्श्यावर त्याने तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात, छताला लटकणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांसारखे. या वाढीवरूनच जंतूंची ओळख पटवता येई. मग ते उष्णतेने मारून लस तयार होई.

तरीही शंका उरलीच. शाकाहारी माणसाला बकऱ्याचा रस्सा तरी कसा चालावा? लस घेणे हे अनेकांना परक्याच्या हातचे खाण्यासारखे वाटले. तोंडाऐवजी दंडातून, एवढाच फरक. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि हाफकिनला कामासाठी आपली वास्तू दिली, तेव्हा खोजा समाजात लस रुजली. ज्याच्या हातचे खातो त्याच्यावर विश्वास असावा लागतो, हा खानावळीचा नियम इथेही लागू पडला. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लसीनंतर धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली, ठपका हाफकिनवर आला आणि तो दूर व्हायला वर्षे लागली. परळच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

१९०१ च्या जनगणनेत मुंबई ७,७६,००६ वर आली होती. पण माणसे परतत होती. प्लेग ओसरला नव्हता, दर हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढीत होता. तरी १८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून मोठा ठरला. चाळीत पुन्हा चुली पेटल्या, वह्या पुन्हा उघडल्या, पगार पुन्हा महिन्याचा झाला.

ती उधारीची साखळी पुढेही तशीच राहिली. १९७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले तेव्हा खानावळवाल्या बायका कर्जात बुडाल्या. त्यातून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईला जेवू घालणाऱ्या बायकांची इतिहासात नोंद झाली ती जवळजवळ इथे, तोवर शंभर वर्षे त्या रांधत होत्या.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. खानावळी, मेस, टपऱ्या एका रात्रीत बंद झाल्या आणि परगावची माणसे पुन्हा चालू लागली. त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा दर टाळेबंदीत दहा रुपयांवरून पाच रुपये केला गेला. झाडीपट्टीत परतलेल्यांना गावाच्या शाळेत चौदा दिवस ठेवले जाई आणि घरचा डबा फाटकाशी ठेवून माणूस मागे सरे. तुमच्या गावच्या शाळेत तो डबा कोण आणत असे, आत बसलेला माणूस कोणत्या शहरातून आणि कसा आला होता, तिथे त्याची शेवटची खानावळ कोणती होती, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवा. १८९७ च्या कामगाराला हे विचारणारे कोणी नव्हते.